सारेमा बेटावरचा बिशपचा किल्ला (शीर्षक बदललं आहे, कारण प्रतिसादांत)

उंबरठा

एस्टोनियात, टालिनला येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून झालं होतं, "सारेमाला गेलास का?" शेवटी गेल्या महिन्यात गेलो. बसने साधारण चार तास. वाटेत विर्त्सूहून मुहू बेटापर्यंत फेरीबोट, आणि मुहूहून पुढे सारेमाला जायला १८९६ साली समुद्रात भराव टाकून केलेला रस्ता. बोट सुटली की लोक आधी कॅन्टीनची रांग धरतात, समुद्राकडे कुणी ढुंकून बघत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बघायचो तेच.

सारेमा हे एस्टोनियाचं सर्वांत मोठं बेट. मुंबई शहर आणि उपनगरं एकत्र केली तर त्याच्या चौपटीहून मोठं, आणि माणसं तीस हजारांच्या आसपास. कुरेसारे हे तिथलं एकमेव शहर. त्याच्या टोकाला, अगदी खाडीला लागून, हा किल्ला. लांबून बघितलात तर किल्ला वाटणारच नाही. लाल कौलांचं छप्पर घातलेला राखाडी दगडाचा चौकोनी ठोकळा, बास. दगड बेटावरचाच, डोलोमाइट.

आत गेल्यावर मात्र मला एकच शब्द सुचला: चौसोपी वाडा. मधे चौक, चारही बाजूंनी इमारत, बाजू साधारण ४३ मीटर. वरच्या मजल्यावर चौकाभोवती ओवरीसारखी फिरती पडवी, तिच्यातून भोजनगृह, निजायची खोली, चॅपेल आणि बिशपच्या खोल्या. खाली तळघरात कोठारं आणि भट्ट्या. दोन बुरूज आहेत, श्टुरवोल्ट आणि पिक्क हेरमान, म्हणजे 'लांब हेरमान'. एका बुरुजात आणि मुख्य इमारतीत मुद्दाम खोल फट ठेवली आहे. वर उचलता येणारा पूल होता. शत्रू वाड्यात घुसला तर बुरुजात पळायचं आणि पूल ओढून घ्यायचा.

मला खटकलं ते हेच. खंदक, तट, मग वाडा, आणि वाड्यातही पुन्हा पळून जायची सोय. देवाच्या माणसाला एवढी भीती कसली?

उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. सारेमाचे लोक दर्यावर्दी आणि लुटारूही, उत्तरेतल्या राजांना त्यांचा धाक होता. १२२२ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार याने बेटावर दगडी किल्ला बांधला. बेटवाल्यांकडे तो फोडायची साधनं नव्हती. त्यांनी काय करावं? मुख्य भूमीवर वारबोला नावाची गढी होती, तिथल्या लोकांना डेन लोकांनीच एक दगडफेकी यंत्र भेट दिलं होतं. बेटवाल्यांनी माणसं पाठवून ते यंत्र नीट बघून घेतलं, परत येऊन तशी सतरा बनवली, आणि पाच दिवस दगडांचा मारा केला. किल्ल्यातल्यांनी हात टेकले. नंतर किल्ला पार जमीनदोस्त केला. हे सगळं लिव्होनियाचा (म्हणजे साधारण आजचा एस्टोनिया-लॅटव्हिया) हेन्री नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय, आणि तो होता जिंकू पाहणाऱ्यांच्या बाजूचा.

१२२७ च्या हिवाळ्यात समुद्र गोठला आणि क्रूसेडवाले, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, बर्फावरून चालत आले. हेन्री जवळपास २०,००० चा आकडा देतो. आधी मुहूची गढी पडली, मग सारेमावरच्या वाल्याला गढीतल्या लोकांनी शरण जाऊन बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच वर्षी, १२२८ मध्ये, सारेमा आणि समोरचा किनारा मिळून एक बिशपचं राज्य जाहीर झालं: जर्मनमध्ये ओझेल-वीक. बेटाचा काही भाग बिशपकडे, काही भाग तलवारवाल्या संन्याशांच्या ऑर्डरकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे.

मग १३४३. एप्रिल महिन्यात मुख्य भूमीवर उठाव झाला, जुलैत बेटावर. ऑर्डरच्या पॉइडे गढीला लोकांनी वेढा घातला आणि आतल्यांना जिवंत सोडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा समुद्र गोठला, पुन्हा बर्फावरून फौज आली, आणि बेटवाल्यांचा पुढारी वेस्से याला फासावर चढवलं. शिक्षा म्हणून बेटवाल्यांकडूनच ऑर्डरसाठी नवा किल्ला बांधून घेतला. त्याच्या जुन्या नावाचा अर्थच प्रायश्चित्ताचा किल्ला.

कुरेसारेचा हा वाडा १३३८ ते १३८० च्या दरम्यान उभा राहिला असं बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. म्हणजे उठाव बांधकामाच्या ऐन मध्ये येतो. माझं मत असं की हा किल्ला समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी नाहीच. तो गावाकडे तोंड करून बांधलाय.

आणि गंमत पुढेच आहे. एवढा बंदोबस्त करून किल्ला लढून कुणी घेतलाच नाही. १५५९ मध्ये विकला गेला, १६४५ मध्ये तहात दिला गेला, १७१० मध्ये रोगाने रिकामा झाला. म्हणून तर आज इतका धड उभा आहे. फोटो पुढच्या प्रतिसादात टाकतो.

गडवाट्या

मस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली). शीर्षक वाचून वाटलं जंजिऱ्यासारखा पाण्यात उभा असेल, तर हे बेटच केवढं तरी निघालं.

गोठलेल्या समुद्राचं वाचून संभाजी महाराज आठवले. जंजिऱ्यापर्यंत जायला १६८२ मध्ये दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता, तो पुरा झाला नाही. यांना थंडीने फुकटात बांधून दिला, तोही दोनदा.

शंकासुर

तीन शंका.

१. बिशप म्हणजे धर्मगुरू ना? मग राज्य, कर, फौज हे कसं?

२. बांधकाम ऑर्डरने केलं असं मी वाचलंय, तुम्ही बिशपचं म्हणताय.

३. 'गावाकडे तोंड करून बांधलाय' हे वाक्य छान आहे, पण पुरावा?

उंबरठा

@शंकासुर, अपेक्षेप्रमाणे आलात. :)

१. त्या काळच्या जर्मन मुलखात हे सर्रास होतं. बिशप एकाच वेळी धर्मगुरू आणि मांडलिक राजा. आपल्याकडे चिंचवडच्या देव संस्थानाला इनाम गावं होती, पण त्यांनी काही फौज बाळगली नाही. इथे बिशप शेतसारा घ्यायचा, न्यायनिवाडा करायचा, सरदारांना जमिनी द्यायचा. त्याचं मुख्य चर्च समोरच्या किनाऱ्यावर हापसालूला, तिथे चर्चचं पंचमंडळ बसायचं. या मंडळाचं आणि बिशपचं फारसं पटायचं नाही.

२. नकाशा ऑर्डरच्या मठांसारखाच आहे हे खरं. त्यांच्याकडे अशा मठवजा किल्ल्यांचा ठरलेला साचा होता. पण राहणारा आणि मालक बिशप. सालांवरूनही वाद आहेत, काहीजण बांधकामाची सुरुवात तेराव्या शतकात नेतात. कागदोपत्री नाव पहिल्यांदा येतं १३८१ मध्ये, 'आरेन्सबुर्ग' म्हणून. गरुडाची गढी. गरुड हे संत योहानाचं चिन्ह आणि बिशपच्या राज्याचंही. एस्टोनियन नावात मात्र गरुड नाही. 'कुर्ग' म्हणजे क्रौंच आणि 'सार' म्हणजे बेट, अशी फोड लोक सांगतात.

३. पुरावा म्हणाल तर १२२२ आणि १३४३. दगडी किल्ला बांधला की हे लोक काय करतात हे बांधणाऱ्यांनी एकदा ऐकलं होतं आणि एकदा बघितलं होतं.

मावशी_डोंबिवली

छान लिहिलंयस रे. मला इतिहासातलं फार कळत नाही, पण तिथे उणे वीस वगैरे होत असणार. दगडी घरात ती माणसं जगत कशी होती? आमच्या पाहुण्यांच्या वाड्यात जानेवारीत रात्री फरशीवर पाय ठेववत नाही.

उंबरठा

मावशी, सगळ्यांत भारी प्रश्न तुमचा. तळघरात भट्ट्या आहेत म्हटलं ना, त्या याचसाठी. विटांची भट्टी, तिच्या वर कमान, आणि कमानीवर डोक्याएवढाले धोंडे रचून ठेवलेले. आधी लाकडं पेटवायची. धूर धुराड्यातून बाहेर. धोंडे लाल होईपर्यंत जाळ करायचा आणि मग विझू द्यायचा. धूर पूर्ण गेला की धुराडं बंद करायचं आणि वरच्या खोलीच्या फरशीला असलेल्या भोकांवरची झाकणं काढायची. गरम, बिनधुराची हवा वर. दगड तासन्‌तास तापलेले राहायचे. खोलीत ना राख, ना काजळी.

मी त्या भट्टीसमोर बराच वेळ उभा होतो. धोंड्यांचा ढीग बघून न्हाणीघराबाहेरचा आमचा बंब आठवला.

पण ही ऊब वरच्या मजल्यावर. लाकडं फोडणारे आणि भट्टीत घालणारे खाली, आणि ते बेटावरचेच.

खवचट_नाना

म्हणजे १३४३ ला ज्यांच्या जिवावर उठले त्यांच्याचकडून पाय शेकून घ्यायचे. म्हणूनच बुरुजाचा पूल ओढायची सोय. समजलं.

तो विकला वाला किस्सा सांगा की. बिशपने किल्ला विकला? सातबारा कुणाच्या नावावर होता?

उंबरठा

नाना, ऐका. १५५८ मध्ये रशियाचा इव्हान, तोच 'भयंकर', लिव्होनियात घुसला. कुरेसारेचा बिशप तेव्हा योहान फॉन म्युंशहाउझेन. हो, थापाड्या बॅरन ज्या घराण्यातला तेच घराणं, पण हा दोनशे वर्षं आधीचा आणि हिशेबाला पक्का. त्याने बघितलं, हे काही आपल्याच्याने सांभाळवणार नाही. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक नुकताच गादीवर आला होता आणि त्याला धाकट्या भावाची, माग्नुसची, कटकट होती. घरच्या जहागिरीत वाटा मागणारा भाऊ. भाऊबंदकीवर जगभर उपाय एकच: दूर कुठेतरी काहीतरी देऊन टाकायचं. तर ३०,००० थालर (चांदीची नाणी) मोजून बिशपचं राज्य घेतलं आणि माग्नुसच्या पदरात घातलं. म्युंशहाउझेन जर्मनीला परत गेला आणि लग्न करून संसाराला लागला.

माग्नुस १५६० च्या वसंतात इथे उतरला, वय वीससुद्धा पुरं नव्हतं. १५६३ मध्ये त्याने कुरेसारेला शहराचा दर्जा दिला, त्याच्या नावावर टिकलेलं काम हेच. पुढे इव्हानच्या नादी लागून 'लिव्होनियाचा राजा' झाला, इव्हानच्या चुलत घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, शेवटी दोन्हीकडून गेला.

१६४५ ला डेन्मार्क स्वीडनशी हरलं, ब्रोम्सेब्रोच्या तहात सारेमा स्वीडनला. नऊ वर्षांनी राणी क्रिस्टीनाने गादी सोडली तेव्हा तिच्या खर्चापाण्यासाठी जे मुलूख लावून दिले त्यात हे बेट. म्हणजे ती बसली रोममध्ये आणि सारा जातोय बाल्टिकच्या बेटावरून. आज बाहेर दिसतात ते बाणाच्या टोकासारखे मातीचे बुरूज आणि रुंद खंदक तोफांच्या जमान्यातले.

१७१० ला रशियन आले तेव्हा प्लेग आधीच आत पोहोचला होता. शिबंदीतली थोडीच माणसं उरली होती, त्यांनी किल्ला सोडला. पुढच्या वर्षी रशियनांनी बाहेरची तटबंदी सुरुंगाने उडवली. मधला वाडा राहिला.

चुनाखडी

धागा उशिरा बघितला. व्यवसायाने वास्तुविशारद, त्यामुळे राहवत नाही.

या किल्ल्याच्या सावलीत एक मुलगा लहानाचा मोठा झाला. जन्म १९०१ चा, जन्मगावावरून वाद आहेत, पण बालपण कुरेसारेचंच. तीन वर्षांचा असताना पेटत्या निखाऱ्यांना हात घातला, चेहरा भाजला, ते व्रण जन्मभर राहिले. १९०६ मध्ये घरचे फिलाडेल्फियाला गेले. तो लुई कान. अहमदाबादचं आयआयएम आणि ढाक्याचं संसद भवन ज्याचं, तो.

आणि कानला अहमदाबादला आणणारे बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा, १९२७. शिक्षण मुंबईत जे. जे. ला. १९७४ मध्ये कान अहमदाबादहूनच परतत होता, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात त्याचा अंत झाला.

आयआयएममध्ये मी एकदा दिवसभर नुसता भिंतींना हात लावत फिरलोय. जाड भिंत, तिच्यात कापलेली मोठी भोकं, आत खोल सावली. त्याच्या इमारती 'किल्ल्यातून आल्या' असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं काही नसतं. पण एवढ्याशा गावात पाच वर्षांच्या पोराला रोज दिसणारी सर्वांत मोठी वस्तू कुठली होती हे तुम्हीच बघून आलायत.

खवचट_नाना

शेवटी श्रेय पुण्याला गेलंच. धागा सार्थकी लागला.

दर्याकिनारा

मी मुरूडचा. आमच्याकडे जंजिऱ्याला नेणारा प्रत्येक होडीवाला एक तरी भुताटकीची गोष्ट सांगतो. इकडे नाही का तसं काही? भुयार, गाडलेलं माणूस वगैरे?

उंबरठा

नाही कसं! बुरुजाच्या बाजूच्या फटीला 'सिंहांचं विवर' म्हणतात. बिशपने शिक्षा दिली की माणसाला खाली भुकेल्या सिंहांपुढे टाकायचे म्हणे. बाल्टिकमध्ये सिंह! गाईड हे सांगताना स्वतःच हसत होती. कचरा आणि सांडपाणी टाकायची जागा असावी, असं तिचं म्हणणं.

दुसरी गोष्ट भिंतीत चिणलेल्या सरदाराची. अठराव्या शतकात एक बंद खोली फोडली, तर आत खुर्चीवर बसलेला सांगाडा, आणि हवा लागताच त्याची माती झाली. म्हणे पोपने देखरेखीला धाडलेला माणूस, बिशपने एका मुलीकरवी त्याला मोहात पाडला, व्रत मोडलं म्हणून जिवंत चिणला. खरं-खोटं सोडा. पण गोष्टीत खलनायक कोण आहे बघा. सहाशे वर्षांनीही बिशपच.

बेटाचा स्वतःचा नायक वेगळा, सूर तोल नावाचा अजस्र माणूस. कुठलाही मोठा धोंडा दिसला की तो तोलने भिरकावलेला. आपल्या भीमासारखं.

गडवाट्या

एकूणात काय, प्रचंड किल्ला, पण लढाई नाही, रक्त नाही. शीर्षक एकदम चपखल आहे.

शंकासुर

मला शीर्षकावरच आक्षेप आहे, दोन दिवस लिहायचं टाळत होतो. 'रक्त न सांडलेला किल्ला' असं तुम्ही लिहिलंय. आतच तर दिलंत की १३८१ मध्ये पहिला उल्लेख. त्याच वर्षी बिशप तिसरा हेन्‍रिक याच किल्ल्यात मारला गेला ना? हापसालूच्या मंडळाशी त्याचं वैर होतं.

आणि १९४१?

उंबरठा

बरोबर. बिशप हेन्‍रिकचा मला पत्ता नव्हता असं नाही, पण 'न लढता' ही कल्पना डोक्यात बसली की बाकीचं आपण बाजूला सारतो. एवढे तट बाहेरच्या लोकांसाठी, आणि बिशप मेला तो आपल्याच लोकांच्या वैरातून.

१९४१ बद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. कसं लिहावं कळेना. किल्ल्यात संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर बिशपच्या खोल्या, सरदारांच्या लाकडी कोरीव स्मृतिफलकांची दालनं, आणि तसंच पुढे चालत गेलं की विसावं शतक येतं. १९४१ मध्ये सोव्हिएत माघार घेत असताना किल्ल्याच्या आवारात सुमारे ९० नागरिकांना मारलं. मग जर्मन आले, त्यांनी त्याच आवारात ३०० हून जास्त लोकांना मारलं. दोन्ही वेळा तट, खंदक, दार, सगळं शाबूत होतं. आतल्या माणसांना बाहेर पडता आलं नाही, एवढंच त्या भिंतींचं काम झालं.

त्या दालनातून बाहेर आलो तर खंदकात बदकं होती आणि तटावर एक शाळकरी सहल डबे खात बसली होती. मीही तिथेच बसून काळा पाव आणि चीज खाल्लं.

शीर्षक बदलतोय. संपादकांनी परवानगी दिली की दिसेल.

मावशी_डोंबिवली

मला तो बंबासारखा प्रकार फारच आवडला. मुलीकडे हेलसिंकीला जूनमध्ये येतेय, तिथून टालिन बोटीने जवळ आहे म्हणतात. गुडघे दुखतात माझे, किल्ल्यात जिने किती आहेत ते आधी सांग.

उंबरठा

मावशी, जिने आहेत, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे, आणि दगडी असल्याने घसरतातही. बुरुजात जाऊ नका. तळघर आणि पडवी तेवढी बघा, भट्टी तळघरातच आहे. मी असेन जूनमध्ये, कळवा.